पुण्याची माती आणि गोल्फचं मैदान



बाहेर फळ्यावर आजचा विषय वाचून दोघांनी मला जिन्यातच गाठलं. "सर, तुम्ही गोल्फ कधीपासून खेळायला लागलात?" खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाच ती काठी हातात धरली, आणि चेंडू जागचा हलला नाही. (हशा) माझी सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा आज मी बोलतोय ते खेळाबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त.

निमित्त असं झालं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. पुण्याबाहेरच्या एका माळावर गोल्फचं मैदान करायचं घाटतंय, त्या कामावर ती आहे. एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "सर, आम्हाला दिलेल्या कागदावर एक वाक्य आहे. मैदान तिथल्या नैसर्गिक भूरचनेशी सुसंगत असावं. पण नैसर्गिक म्हणजे नक्की काय धरायचं? आईनं सांगितलं, हा प्रश्न तुमच्याकडे ने."

मी तिला म्हटलं, आठवडाभर दे. त्या आठवड्याचे सहा महिने झाले. पण प्रश्न चांगला निघाला. "नैसर्गिक" या शब्दाला स्वतःचा इतिहास असतो, आणि गोल्फच्या मैदानावर तो इतिहास गवताच्या रंगात दिसतो.

सुरुवात स्कॉटलंडपासून करू. तिथे समुद्राचा किनारा आणि नांगरटीची जमीन यांच्या मध्ये वाळूचा एक पट्टा असतो. त्याला लिंक्स म्हणतात. पीक येत नाही, झाड टिकत नाही, वारा कायम. पण वाळूतून पाणी लगेच झिरपतं, आणि मेंढरं-ससे चरून चरून तिथलं गवत आखूड राहतं. या पट्ट्यावर गोल्फ वाढला. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजानं त्यावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फच्या मागे लागले होते. म्हणजे खेळ तेव्हाच चांगला रुजलेला होता. पण मैदान "आखणारा" कुणी नव्हता. वाऱ्यानं उंचवटे केले. मेंढरं वाऱ्यापासून आडोसा शोधत जिथे बसायची तिथे खड्डे पडले आणि त्यांनाच पुढे बंकर म्हणू लागले, असं परंपरेनं सांगतात. आज जगभर अठरा होल असतात, त्याचं कारण इतकंच की सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ साली काही होल एकत्र केले आणि बावीसचे अठरा झाले.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शेवटी तिच्याकडे परत यायचंय. सेंट अँड्र्यूजची ही जमीन कुणा एकाची नव्हती. ती गावाची होती. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपनं ससे पाळण्याचा हक्क घेतला, आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला. आपल्या भाषेत सांगायचं तर ते गायरान होतं. आजही रविवारी तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोक फिरायला येतात.

एकोणिसाव्या शतकात खेळ किनाऱ्यावरून आत सरकला. टॉम मॉरिस नावाचा सेंट अँड्र्यूजचा कारागीर-खेळाडू गावोगाव जायचा, दिवस-दोन दिवस जमीन चालायचा, खुंट्या ठोकायचा आणि परत यायचा. वाळूवर हे चाललं. पण इंग्लंडच्या आतल्या भागातली माती चिकण. पावसात चिखल, उन्हात दगड. तिथे मग काटकोनातले बंकर, सरळ रेषेतले मातीचे बांध असं भूमितीच्या वहीतलं मैदान व्हायला लागलं. या शतकाच्या शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की लंडनच्या आसपास रेताड झुडपी माळ आहेत, शेतीला निरुपयोगी म्हणून टाकलेले. विली पार्क यांनी १९०१ साली तसल्या माळावर सनिंगडेलचं मैदान केलं आणि आतल्या मुलखातही चांगला गोल्फ होऊ शकतो हे दिसलं. धडा साधा होता. आधी माती बघा, मग खेळाची जागा ठरवा.

याच पिढीत अ‍ॅलिस्टर मॅकेंझी नावाचा डॉक्टर होऊन गेला. बोअर युद्धात तो ब्रिटिश फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. तिथे त्यानं पाहिलं, की बोअर शेतकरी असे खंदक खणतात की जमिनीतून ते वेगळे ओळखूच येत नाहीत. या लपवण्याच्या विद्येवर त्याचा जन्मभर अभ्यास चालू राहिला. पुढे डॉक्टरकी सोडून तो मैदानं आखायला लागला आणि १९२० साली त्यानं त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणसानं केलेला उंचवटा निसर्गानं केलेल्या उंचवट्यापासून वेगळा ओळखता येऊ नये.

हे वाचताना मला कांट आठवला. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला कुठेही कांट आठवतोच, ते सोडा. (हशा) पण १७९० च्या त्याच्या ग्रंथात बरोबर हा मुद्दा आहे: कलाकृती ही कला आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ती निसर्गासारखी वाटली तर सुंदर. मॅकेंझी म्हणतो ते हेच. फक्त इथे एक फट राहते. "निसर्गासारखी" म्हणजे कोणत्या निसर्गासारखी? कुठल्या गावच्या? कुठल्या महिन्यातल्या? चित्रकाराला एक क्षण पकडून भागतं. मैदानाला बारा महिने जगावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या देशात आहे. कलकत्त्याचा, १८२९ चा. कलकत्त्याला पाऊस भरपूर, हवा दमट. पण छावण्या काही फक्त बंगालमध्ये नव्हत्या. उत्तरेतल्या आणि दख्खनच्या कोरड्या गावांत साहेबाला खेळायचं होतं आणि आठ महिने गवत नव्हतं. तेव्हा त्यानं काय केलं? होलच्या भोवतीचा जो गुळगुळीत भाग असतो, ज्याला ग्रीन म्हणतात, तो वाळूचा केला. वाळूत तेल कालवायचं, रोलर फिरवायचा, आणि दाबून सपाट करायचं. रंग तपकिरी, म्हणून नावही ब्राउन. ग्रीनऐवजी ब्राउन!

असं ब्राउन मी स्वतः पाहिलंय. साठच्या दशकातली गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माझे मामा लष्कराच्या हिशेबखात्यात होते, एका छावणीच्या गावी. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. संध्याकाळी ते मला माळाच्या कडेला न्यायचे. सगळा माळ वाळलेल्या गवताचा, पिवळा. मधेमधे काळपट तपकिरी, परातीसारखे गोल. साहेब लोक खेळून पुढे गेले, की एक माणूस दांड्याला बांधलेलं गोणपाट घेऊन यायचा आणि पावलांच्या खुणा पुसत गोल गोल फिरायचा. तेलाचा वास यायचा. मला वाटायचं, हाच खेळ असतो. हिरव्यागार मैदानाचं चित्र मी पहिल्यांदा एका मासिकात पाहिलं तेव्हा मला ते खोटं वाटलं.

ब्राउनचं कौतुक करायला मी उभा नाही. मातीत तेल मुरवणं काही चांगलं नव्हे. पण एक बघा. त्या मैदानानं जमिनीला पावसाळा मागितला नव्हता. जसा देश तसा वेश, एवढं तरी त्याला कळलं होतं.

पुण्याची जमीन कशी आहे? खाली काळा पाषाण, दख्खनचा बेसॉल्ट. टेकड्यांच्या माथ्यावर वीतभर मुरमाड माती, नदीकाठाला खोल काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शहरात पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुन्या लोकांनी ही जमीन नीट वाचली होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आलं ते कुठल्याही यंत्राशिवाय, निव्वळ उतारावर. भुयारी नळ, मधे मधे उच्छ्वास, आणि पेठांतून हौद. ती माणसं पाण्याला विचारून बांधत होती.

इंग्रजांनीही जमीन वाचली, पण वेगळ्या डोळ्यांनी. १८३० च्या दशकात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, शेतजमिनीची नव्यानं प्रतवारी लावली. मातीचा रंग आणि खोली बघून सारा ठरवायचा. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती व्यवस्था आधीपेक्षा बरी होती. पण अशा कागदावर ज्या जमिनीत पीक नाही तिला रकाना एकच: पडीक. वास्तविक माळ काही रिकामा नसतो. तिथे कुसळी असते, पवन्या, मारवेल. बाभूळ, बोर, हिवर असतात. चिंकारा असतो. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य त्या चिंकाऱ्यासाठीच आहे, आणि ते असल्या गवताळ माळावरच आहे. धनगरांचे वाडे दरसाल त्याच वाटेनं जातात. पण आपण "पडीक" म्हटलं, की काहीही करायला मोकळे.

आता पुण्याच्या हिरवेपणाबद्दल. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पुण्याला कधी यायचा? पावसाळ्यात. उन्हाळा महाबळेश्वरला, पावसाळा पुण्याला. पुणं ही इलाख्याची पावसाळी राजधानी होती. गणेशखिंडीतला त्याचा बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. घोड्यांच्या शर्यती, नाच, मेजवान्या, सगळा "पूना सीझन" जून ते ऑक्टोबरमधला. म्हणजे साहेबाच्या मनातलं पुणं हे जुलै-ऑगस्टचं पुणं होतं. मेमधली चतुःशृंगी, मार्चमधली पर्वती त्याच्या चित्रात नव्हती.

आणि मग पाणी आलं. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, त्याचा कालवा शहराला आणि छावणीला लागून वाहू लागला. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले आणि साठा वाढला. जुलैचं पुणं आता काही बंगल्यांपुरतं, काही बागांपुरतं जानेवारीतही ठेवता येऊ लागलं. आज नदीपलीकडे येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्याला लागून, पूना क्लबचं अठरा होलचं मैदान आहे. भर उन्हाळ्यात त्या कुंपणापाशी उभं राहिलं की डोळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटतं. पण ते डोळ्यांना वाटणारं "बरं" कुठून आलं हा माझा प्रश्न आहे.

इथे एक गंमत सांगतो. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांचं मुख्य गवत कोणतं? इंग्रजीत त्याला बर्म्युडा म्हणतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा! शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र तिच्यासारखा वैरी नाही. काशा वेचून वेचून कंबर मोडते, एक तुकडा राहिला तरी पुन्हा शेतभर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी संकर केला आणि १९५६ साली, पुन्हा १९६५ साली, ग्रीनसाठी बारीक पात्याच्या जाती दिल्या. मूळ हरळीचा गुण कोणता? पाणी नसेल तर ती मरत नाही. रंग टाकते, झोपते, आणि पहिल्या पावसाला उठते. म्हणजे आपल्या हवामानाचं शहाणपण त्या गवतातच आहे. आपण मात्र तिला बारा महिने झोपूच देत नाही.

का देत नाही? याचं उत्तर पुन्हा मॅकेंझीपाशी जातं. जॉर्जियातच ऑगस्टा इथे एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर त्यानं बॉबी जोन्सबरोबर मैदान केलं. १९३३ मध्ये ते सुरू झालं, १९३४ च्या जानेवारीत मॅकेंझी गेला. पुढे तिथली मास्टर्स स्पर्धा रंगीत टेलिव्हिजनवर दिसू लागली. एप्रिलचा एक आठवडा, फुललेली झुडपं, पाचूसारखं गवत. जगभरच्या क्लबांतून लोक म्हणायला लागले, आम्हाला असंच पाहिजे. आता हे ध्यानात घ्या: तिथेही खाली हरळीच आहे. शरद ऋतूत तिच्यावर राय गवत पेरतात, म्हणून ते तसं दिसतं. आणि उन्हाळ्यात ते मैदान बंद असतं! ज्याच्याकडे बघून जग बाराही महिने हिरवं राहायला निघालं, ते स्वतः काही महिने दार लावून बसतं. गव्हर्नरनं पुण्याचा एक ऋतू पाहिला, टेलिव्हिजननं ऑगस्टाचा एक आठवडा दाखवला, आणि दोन्हीकडे त्या तुकड्यालाच "निसर्ग" हे नाव पडलं.

या नावाची किंमत काढता येते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. उन्हाळ्यात गवताला रोज ५ मिलिमीटर लागलं आणि मैदानातलं २० हेक्टर गवत भिजवायचं असं धरू. झाले रोजचे १० लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे साधारण ७,४०० माणसांचं पाणी. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं तर हा हिशेब पुष्कळ सौम्य होतो, ते केलंच पाहिजे. तरी प्रश्न उरतो, की एवढं हिरवं हवं कशाला?

मी खेळाच्या विरोधात नाही. अनिर्बान लाहिरी याच शहरात जन्मला आणि ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, याचा मला आनंद आहे. बावधनच्या पुढे लवळ्याच्या डोंगरात फिल रायन या ऑस्ट्रेलियन आखणीकारानं केलेलं ऑक्सफर्ड मैदान आहे. तिथे उभं राहिलं की कळतं, सह्याद्रीच्या उतारावर चेंडू मारण्यात काय मौज असेल. उतार ही आपल्या जमिनीची श्रीमंती आहे. तो सपाट न करता वापरणं हा सुसंगतपणाचा पहिला भाग झालाच. पण तो पहिलाच भाग.

दुसऱ्या भागासाठी अमेरिकेतल्या पाइनहर्स्टची गोष्ट सांगतो. उत्तर कॅरोलिनातला रेताड मुलूख. डॉनल्ड रॉस यांनी तिथे केलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रीन नव्हतीच, वाळूच होती. आपल्या ब्राउनची चुलत भावंडंच ती. मग गवत आलं, नळ आले, आणि पुढच्या काही दशकांत ते मैदान कडेपासून कडेपर्यंत हिरवं झालं. २०१० साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांना त्याच्या दुरुस्तीचं काम दिलं. त्यांनी काय केलं? पस्तीस-चाळीस एकर गवत काढून टाकलं. खालची वाळू, तिथलं रानगवत, पाइनच्या वाळक्या सुया परत येऊ दिल्या. २०१४ साली तिथे पुरुषांची आणि लागोपाठच्या आठवड्यात स्त्रियांची यूएस ओपन झाली. टेलिव्हिजनवर तपकिरी मैदान बघून काही लोक नाराज झाले. पण खेळ अव्वल दर्जाचा झाला. ज्यांच्याकडून आपण हिरवेपणा उसना घेतला, तेच आता तो काही ठिकाणी उतरवून ठेवताहेत.

तर त्या मुलीला मी शेवटी तीन प्रश्न लिहून दिले. एक, पाणी इथे कुठून येतं आणि कुठे जातं? दोन, ही जमीन वर्षभरात कोणकोणते रंग घेते? तीन, तुझ्याआधी इथे कोण येत होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात मिळेल, म्हटलं. दुसऱ्यासाठी मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा सगळी जमीन पायी चाल. तिसऱ्यासाठी कुणाशी तरी बोलावं लागेल. सेंट अँड्र्यूजला तो तिसरा प्रश्न सनदेत लिहिलेला होता. आपल्याकडे तो "पडीक" शब्दाखाली दबलेला असतो.

ती दोनदा जाऊन आली. मेमध्ये तिला एक मेंढपाळ भेटले. त्यांनी दाखवलं, की नकाशात जिथे सपाटी दिसते तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, आणि त्याच्या कडेनं त्यांची वाट जाते. जुलैत ती पुन्हा गेली तेव्हा तिथे खरंच पाणी होतं. तिनं दोन होल सरकवले, ओढ्याला हात लावला नाही, वाट कुंपणाबाहेर राहील अशी आखणी केली. फेअरवे अरुंद ठेवले, बाकी सगळीकडे कुसळी आणि मारवेल तशीच ठेवायची, मार्चनंतर वाळू द्यायची, असं लिहिलं. आखणीच्या दोन सूचना मान्य झाल्या. गवत वाळू द्यायची नाही झाली. तिला सांगितलं गेलं, गिऱ्हाइकाला हिरवं दिसलं पाहिजे.

मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, "सर, त्यांना दाखवायची सगळी चित्रं आम्ही संगणकावर जुलै महिन्यातली काढतो. कुणी ठरवून नाही, सवयच आहे तशी. या वेळी मी एक मे महिन्याचंही काढलंय. पिवळा माळ, मधून हिरवी पट्टी, मागे डोंगर. पुढच्या बैठकीत दोन्ही शेजारी ठेवणार आहे."

ती बैठक अजून व्हायची आहे. काय होईल मला माहीत नाही. पण "नैसर्गिक म्हणजे काय" या तिच्या प्रश्नाला मी सहा महिने पुस्तकं चाळून जे उत्तर दिलं असतं, त्यापेक्षा ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवणं मला जास्त खरं उत्तर वाटतं. तुम्हीही उद्या सकाळी टेकडीवर फिरायला गेलात आणि गवत वाळलेलं दिसलं, तर ते मेलंय असं एकदम म्हणू नका. पावसापर्यंत थांबा.